रॅप ड्रेस: फुली कुठे पडते आणि गाठ कुठे बसते

रॅप ड्रेस, म्हणजे पुढचे दोन पदर एकमेकांवर गुंडाळून बंदाने बांधायचा ड्रेस, कुठल्याही बांध्याला शोभतो, हा सल्ला इतक्या वेळा दिला जातो की तो अंगावर नीट बसला नाही तर बाईला वाटतं, आपल्याच अंगात काहीतरी खोट आहे. खोट बहुतेक वेळा बेतण्यात असते. ड्रेस खरोखर गुणी आहे, पण त्याचं सगळं गणित दोन जागांवर उभं आहे. पुढचे दोन पदर एकमेकांना ओलांडतात ती फुली, आणि बंद बांधल्यावर पडते ती गाठ. या दोन जागा तुमच्या अंगाच्या उंचीशी जुळल्या तर हा ड्रेस पेअर (खाली भरलेला), ॲपल (पोटावर भरलेला), सरळ, सगळ्या बांध्यांना न्याय देतो. जुळल्या नाहीत तर ज्या बांध्यासाठी तो जन्माला आला त्यालाही तो वाईट दिसतो.

याला ना बटण, ना चेन. आतल्या पदराचा बंद बाजूच्या शिवणीतल्या फटीतून बाहेर येतो, पाठीमागून वळसा घेतो आणि बाहेरच्या पदराच्या बंदाशी बांधला जातो. अमेरिकी डिझायनर क्लेअर मॅकार्डेलने १९४२ मध्ये 'पॉपओव्हर' नावाचा असाच पुढून गुंडाळायचा ड्रेस आणला होता. तो घरकामासाठी होता आणि त्याच्यासोबत गरम भांडं धरायचा हातमोजाही यायचा. पण आज ज्याला आपण रॅप ड्रेस म्हणतो तो डायान फॉन फर्स्टनबर्गचा, १९७४ चा, आणि तो जर्सीचा, म्हणजे टी-शर्टसारख्या ताणणाऱ्या विणीच्या कापडाचा होता. हे जर्सीचं कापड नीट लक्षात ठेवायला हवं, कारण 'सगळ्यांना शोभतो' ही ख्याती त्या जर्सीनेच मिळवून दिली. विणलेलं जर्सी छातीवर जिथे हवं तिथे ताणतं आणि खाली परत आवळतं, त्यामुळे बेतण्यातली एखाद-दोन सेंटिमीटरची चूक कापडच पोटात घेतं. पुढे तोच कट कॉटन पॉपलिन, लिनन, क्रेप, जॉर्जेटमध्ये शिवला जाऊ लागला. ही कापडं ताणत नाहीत. ख्याती मात्र तीच राहिली. रॅप ड्रेसबद्दलच्या बऱ्याच तक्रारी इथून सुरू होतात.

म्हणून घेण्याआधी टेप काढा. आणि फळांच्या नावाचा 'शेप' ठरवून थांबू नका, कारण तो फक्त रुंदी सांगतो. पाच मापं लागतात. पहिलं, काखेतून टेप घालून छातीच्या उभाराच्या वरून. दुसरं, छातीच्या सर्वांत भरलेल्या जागेवरून. तिसरं कंबर: सरळ उभं राहून एका बाजूला वाका, जिथे घडी पडते ती तुमची खरी कंबर, जीन्स जिथे बसते ती नव्हे. चौथं, नितंबांचं सर्वांत भरलेलं माप, टेलर ज्याला सीट म्हणतात ते. पाचवं माप बहुतेक जणी घेतच नाहीत आणि रॅप ड्रेसमध्ये तेच सर्वांत कामाचं: मानेलगतच्या खांद्याच्या टोकापासून, छातीच्या टोकावरून, खाली कंबरेच्या घडीपर्यंतची उंची.

पहिल्या दोन मापांतला फरक बघा. बहुतेक कागदी पॅटर्न हा फरक २ इंच धरून काढलेले असतात. तुमचा फरक दीड ते अडीच इंच असेल तर तयार ड्रेस बसण्याची शक्यता चांगली. फरक ४ इंच असेल आणि कापड न ताणणारं असेल, तर छातीच्या मापाने घेतलेला ड्रेस खांद्यात लोंबतो आणि खांद्याच्या मापाने घेतलेला छातीवर अपुरा पडतो. असा फरक असणाऱ्यांनी सरळ जर्सी निवडावं, किंवा ज्या ड्रेसला कंबरेपाशी अथवा खांद्यापाशी चुण्या किंवा टक्स (आकार देण्यासाठी आतून शिवलेल्या घड्या) आहेत तोच घ्यावा. पुढचा पदर अगदी सपाट, एकही टक नाही, एकही चुणी नाही आणि कापड पॉपलिन, असा ड्रेस भरलेल्या छातीला कधीच नीट बसणार नाही. कितीही सुंदर प्रिंट असली तरी तो हँगरवर परत ठेवा.

आता सर्वांत मोठ्या दुखण्याकडे येऊ: गळ्याला येणारा झोळ. रॅपचा गळा खांद्यापासून कंबरेपर्यंत तिरका कापलेला असतो, आणि तिरकं कापलेलं कापड सहज ताणतं. शिवताना ताणतं, इस्त्री करताना ताणतं, हँगरवर टांगून ठेवलं तर स्वतःच्या वजनानेही ताणतं. शिवाय छातीच्या उभाराच्या वर, खांद्याखाली, प्रत्येकीच्या अंगाला थोडी खोलगट जागा असते. ताणून लांबलेली कड या खोलगट जागेवर टेकत नाही, पुढे सुटते. वाकलं की आतलं दिसतं आणि दिवसभर हात गळ्याकडे जात राहतो.

झोळ किती आहे ते मोजता येतं. ड्रेस घालून, बंद नेहमीसारखे बांधून, गळ्याच्या कडेवर खांदा आणि फुली यांच्या मध्यावर कापड चिमटीत धरा आणि टाचणी लावा. टाचणीपासून घडीच्या टोकापर्यंत पाव इंच भरलं तर कडेत अर्धा इंच कापड जादा आहे, अर्धा इंच भरलं तर एक इंच. अर्ध्या-पाऊण इंचापर्यंतचा झोळ तयार ड्रेसमध्येही दुरुस्त होतो. जर्सी असेल तर पाव इंच रुंदीचं पारदर्शक इलॅस्टिक, न ताणणारं कापड असेल तर सुती टेप घ्यायची. खांद्याच्या शिवणीखाली २ इंचांवर सुरुवात करून छातीच्या टोकाच्या जरा पुढे संपवायची. टेप जादा कापडाइतकी आखूड कापायची, आणि तो आखूडपणा सगळ्या लांबीवर सारखा वाटून न देता फक्त मधल्या भागात, त्या खोलगट जागेवर आवळायचा. सगळीकडे सारखं आवळलं की खांद्यापाशी सुरकुत्या येतात, हे काम बिघडण्याचं नेहमीचं कारण. जर्सीवर झिगझॅग टीप मारा, सरळ टीप पहिल्याच ताणात तुटते. झोळ एक इंचाच्या वर असेल तर टेपने भागणार नाही. तिथे खरी गरज छातीवर टक घालून जादा कापड त्यात वळवण्याची असते, आणि हे शिवण्याआधी करायचं काम आहे.

फुलीवर सेफ्टी पिन लावण्याची सवय मात्र सोडा. जर्सीत तिने पडलेलं भोक धुण्यागणिक वाढतं आणि पिनेच्या जागी कापड ओढल्याची चांदणी दिसते. त्याऐवजी फुलीच्या अर्धा इंच खाली एक छोटं टिचबटन लावा. वरचा अर्धा भाग फक्त गळ्याच्या कडेला आतून लावलेल्या पट्टीवर शिवायचा, टाका बाहेर काढायचा नाही. खालच्या अर्ध्या भागामागे नखाएवढा कापडाचा तुकडा ठेवायचा, म्हणजे ओढ एकाच धाग्यावर येत नाही. फुली स्वतः कुठे हवी? ब्राच्या मधल्या जोडाच्या जरा वर. त्याखाली पडली तर बाई अख्खा दिवस अवघडून वावरते. फार वर पडली तर गळ्याचा लांब व्ही नाहीसा होतो, छाती एकसंध रुंद दिसते आणि रॅप घेण्याचा निम्मा हेतू तिथेच संपतो.

दुसरी जागा कंबरेची शिवण. आरशात समोरून नाही, बाजूने बघा. शिवण मागे जागेवर आणि पुढे कमानीसारखी वर चढलेली दिसली, तर ड्रेस अरुंद नाही, पुढची उंची कमी आहे. छातीवरून जाणारं कापड खाली पोचेपर्यंत संपलं, इतकंच. इथे बायका एक साइझ मोठी घेतात, तिने रुंदी वाढते आणि उंची जेमतेम वाढते, म्हणजे कमान तशीच राहून खांदे मात्र उतरतात. मघाचं पाचवं माप इथे उपयोगी पडतं. ड्रेस सपाट पसरून खांद्यापासून कंबरेच्या शिवणीपर्यंत मोजा आणि आपल्या मापाशी ताडून बघा. पाऊण इंचाहून जास्त कमी असेल तर घेऊ नका, कारण शिवणीतली माया, म्हणजे आत सोडलेलं जादा कापड, साधारण एक सेंटिमीटर असते आणि ती सोडून काही हाती लागत नाही. स्वतः शिवून घेत असाल तर टेलरला 'पुढची उंची छातीवरून धरा' एवढं स्पष्ट सांगा.

बांध्यांमध्ये सर्वांत जास्त विचार ॲपल शेपसाठी करावा लागतो, आणि या बायकांनाच सर्वांत ढोबळ सल्ला मिळतो. छाती आणि कंबर जवळपास सारखी, भर पोटावर, पाय सडपातळ. अशा अंगावर नैसर्गिक कंबरेवर पट्टा आवळला की गाठ नेमकी सर्वांत भरलेल्या जागी येते आणि पोट वर-खाली दोन भागांत विभागून दिसतं. शिवण दीड-दोन इंच वर हवी, जिथे बरगड्यांखाली अंग जरा आत जातं तिथे. गाठ समोर नको, बाजूला हवी. बाहेरचा पदर जिथे बाजूच्या शिवणीला भिडतो तिथे चुण्या असतील तर फारच उत्तम. त्या पोटावर तिरक्या रेषा पसरवतात आणि नजर एका जागी थांबत नाही. अजून एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही: पोट कापडाची लांबी खातं, त्यामुळे पुढचा काठ वर उचलला जातो आणि स्कर्टचे दोन पदर उलट्या व्हीसारखे फाकतात. ओव्हरलॅप, म्हणजे एक पदर दुसऱ्यावर जितका चढतो ती रुंदी, कमी असेल तर ड्रेस चालताना उघडतो तो याच कारणाने. पुढची उंची मागच्यापेक्षा एक इंच जास्त ठेवून घेतली की काठ सरळ लोंबतो. कापड मध्यम जाड आणि बिनचमकीचं. पातळ, अंगाला चिकटणारं जर्सी या बांध्यावर निर्दय ठरतं. एवढं सांभाळलं तर या बांध्यासाठी कंबर घट्ट धरणाऱ्या कुठल्याही ड्रेसपेक्षा रॅप सरस आहे, यात शंका नाही.

पेअर शेपला, म्हणजे छातीपेक्षा सीट ठळकपणे जास्त असलेल्यांना, कंबरेवरचा भाग सहसा सुंदर बसतो. अडचण खाली येते, आणि तिच्यामागे साधा हिशेब आहे. गुंडाळलेल्या स्कर्टची एकूण रुंदी म्हणजे तुमची सीट अधिक ओव्हरलॅप. तुमची सीट ड्रेसच्या साइझसाठी धरलेल्या मापापेक्षा ३ इंच जास्त असली तर तेवढे ३ इंच ओव्हरलॅपमधून जातात. बसवायला ड्रेस बसतो, आणि म्हणूनच फसगत होते. बांधलेल्या स्थितीत सीटच्या रेषेवर ओव्हरलॅप किमान १० इंच भरला पाहिजे. खुर्चीत बसल्यावर मांडीवर दोन्ही पदर एकमेकांवर राहतात का, हीच खरी परीक्षा. सरळ कापलेला स्कर्ट टाळा, ए-लाइन किंवा अर्ध्या गोलाचा घेर घ्या. तिरकं कापड सीटवरून सरकत खाली जातं, अडकत नाही. बाजूच्या शिवणीत खिसे असतील तर उभं राहून बघा, ते तोंड उघडून बाहेर आले तर दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच रुंदी वाढल्यासारखी दिसते. खिशांचं तोंड हाताने शिवून टाकणं हा दहा मिनिटांचा उपाय आहे. खांद्याला बारीक चुण्यांची बाही असली की वरची-खालची रुंदी एकमेकींना तोलते.

खांदे रुंद आणि खालचं अंग निमुळतं असेल, तर व्ही गळ्याचा फायदा आपोआप मिळतो, पण प्रत्येक व्ही सारखा नसतो. खांद्याच्या टोकाकडे सुरू होणारा पसरट व्ही खांदे आणखी रुंद करतो. मानेलगत सुरू होऊन खोल उतरणारा, अरुंद व्ही ती रुंदी मधोमध कापतो. फुगा बाही आणि खांद्यावरच्या झालरी नकोत. घेर सगळा खाली द्या. खांद्याला शिवणच नसलेली, अंगातूनच निघणारी सैल बाही इथे अतिशय छान दिसते, कारण खांदा कुठे संपतो हे तिच्यात कळत नाही.

सरळ बांध्याला, जिथे छाती, कंबर आणि सीट यांत फारसा फरक नाही, मऊ जर्सी उपयोगाचं नाही. ते अंगावरून सरळ घरंगळतं आणि बंद नुसता दोरीसारखा दिसतो. इथे थोडं ताठ कापड हवं, कॉटन किंवा क्रेप, जे कंबरेवर आवळल्यावर वर आणि खाली फुलून उभं राहील. बंद दोन-अडीच इंच रुंद. अवरग्लास, म्हणजे छाती आणि सीट भरलेली व कंबर बारीक, अशा बांध्याबद्दल फार लिहायची गरज नाही. त्यांचं दुखणं एकच, गळ्याचा झोळ, आणि कधीकधी पाठीच्या खोलगट जागी साचणारं कापड, ज्यासाठी मागे दोन उभे टक्स पुरतात.

उंची कमी असेल तर बांध्याआधी लांबी बघा. रुंद पट्टा आखूड धडाचे दोन तुकडे करतो, तिथे एक इंचाचा बंद पुरे. बंदाची लोंबणारी टोकं गुडघ्याखाली जात असतील तर कापून घ्या, नाहीतर सगळी नजर खाली खेचली जाते. आणि काठ पोटरीच्या सर्वांत जाड जागेवर कधीही थांबवू नका. एक-दीड इंच वर किंवा खाली नेला की तोच पाय वेगळा दिसतो. आरशासमोर काठ दुमडून वर-खाली करून बघा, फरक लगेच कळतो.

कापडाच्या बाबतीत पसंती स्पष्ट आहे. पहिला नंबर व्हिस्कोस जर्सीचा, ज्यात सुमारे ५ टक्के इलास्टेन (ताणणारा धागा) आहे आणि जे हातात धरल्यावर वजनदार लागतं. वजन चौरस मीटरला २०० ग्रॅमच्या आसपास असेल तर ते अंगावरून वाहतं, चिकटत नाही. १५० च्या खाली गेलं की आतल्या कपड्यांची प्रत्येक शिवण दिसते. हे कापड टांगू नका, घडी घालून ठेवा. दुसरा नंबर क्रेपचा. पॉलिस्टर जर्सी कोरड्या हवेत पायांना चिकटतं, आत सुती किंवा व्हिस्कोसचा स्लिप घातला की ते थांबतं. लिनन दिसायला देखणं, पण बसून उठलं की ओव्हरलॅपवर पंख्यासारख्या चुरण्या पडतात. सॅटिनची गाठ सुटते. तुम्हाला सॅटिनच हवं असेल तर आतून हूक लावून घ्या आणि बंद नुसता शोभेला ठेवा.

शिलाईचा दर्जा एका जागी कळतो: बाजूच्या शिवणीतली ती बंदाची फट. तिच्या दोन्ही टोकांना दाट आडवे टाके मारलेले हवेत. नसतील तर महिन्याभरात ती वर-खाली उसवत जाते आणि कातडी दिसू लागते. फट बंदाच्या रुंदीपेक्षा किंचितच मोठी हवी आणि नेमकी कंबरेच्या शिवणीच्या पातळीवर. अर्धा इंच वर-खाली असली तरी बंद आवळल्यावर सगळा ड्रेस अंगाभोवती पिळला जातो आणि बायकांना वाटतं आपण नीट बांधला नाही. आतली पट्टी गळ्यातून बाहेर डोकावते का तेही बघा. पट्टी शिवणीच्या मायेवर आतून टीप मारून बसवलेली असेल तर ती बाहेर येत नाही.

ट्रायल रूममध्ये क्रम असा ठेवा. रोज घालता तीच ब्रा घालून या, पॅडेड ब्राने फुली वर सरकते. आधी दोन्ही खांद्यांच्या शिवणी जागेवर आणा, मग आतला पदर नीट ओढून बसवा, मग बाहेरचा, आणि गाठ शेवटी. बहुतेक जणी गाठ मारून मग वरचं ओढाताण करून बसवतात, तिथेच गळा सैल पडतो. नंतर दोन्ही हात वर करा, खुर्चीत बसा, पायाशी पडलेली वस्तू उचलायला वाका आणि चार मोठी पावलं टाका. या चार हालचालींनंतर हात आपोआप गळ्याकडे किंवा मांडीकडे गेला, तर ड्रेस तुमचा नाही.

पुढून शिवून टाकलेला, नुसता दिसायला रॅप असलेला ड्रेसही मिळतो. वाऱ्यात, सायकलवर, लहान मूल कडेवर असताना तो निर्धास्त. पण त्याची गाठ काहीच बदलत नाही, त्यामुळे कंबर महिन्यागणिक कमी-जास्त होत असेल, गरोदरपण असेल किंवा बाळाला पाजायचं असेल, तर खरा रॅपच घ्या. गरोदरपणात घेणाऱ्यांनी ओव्हरलॅप १० नाही, १४-१५ इंच बघावा, कारण पोट वाढेल तसा तो त्यातूनच जाणार आहे.